मटणाच्या दिवशीचा उपास

आमच्या घरात जेवणाऱ्याने ताटात शेवटचा घास राखायचा आणि स्वतः उठून तो कुत्र्याला घालायचा, ही रीत माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. कुत्री बदलली, रीत तीच राहिली. घास अगदी लहान, बोराएवढा. कुत्र्याचं खरं जेवण वेगळं असायचं, जर्मन धातूच्या ताटलीत, दिवस मावळायच्या आत. आमच्या गावात बिबट कुत्री उचलतो. म्हणून अंधार पडायच्या आधी त्याला खाऊ घालायचं, फाटक लावायचं आणि सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, घेऊन दाराला कडी घालायची. सासरेही उजेडीच जेवत. त्यांचं ताट झालं की कुत्र्याची ताटली, असा संध्याकाळचा क्रम होता.

हा कुत्रा सासऱ्यांनीच धानाच्या बांधीवरून आणलेला. तांबडा, एक कान पडलेला, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आपल्याला कोणी विचारलंच नाही. त्यांनी त्याला एक छान नाव ठेवलं होतं. माझ्या तोंडी मात्र तो 'मेल्या' होता आणि त्यालाही तेच नाव जास्त ओळखीचं होतं. सुरुवातीची काही वर्षं त्याला काहीही चालायचं. खरवडलेला भात, बोंबलाची डोकी, आंबलेलं वरण, एकदा तर माझ्या हातून जळालेली वांग्याची भाजीसुद्धा. ती आमच्यापैकी कोणी खाल्ली नव्हती. त्याने ताटली चाटून पुन्हा माझ्याकडे बघितलं होतं.

सासू गेली त्या पावसाळ्यानंतर सासरे वाळायला लागले. सदरा खांद्यावरून लोंबू लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुःख आहे, वय आहे, नीट खाऊ घाला म्हणजे सावरतील. नवरा राइस मिलमध्ये, सकाळी जातो तो संध्याकाळी उशिरा येतो. तेव्हा हे खाऊ घालणं माझ्याच अंगावर आलं आणि मी ते हौसेने घेतलं. मला स्वयंपाक येतो. गर्व वाटला तर वाटो. सासूने माझ्या पहिल्या वर्षात माझी भाकर तीनदा परत पाठवली होती, तिच्या हाताखाली तयार झालेली मी. या माणसाला मी जगवीन, असं मी चुलीपाशी बसून ठरवलं.

मग काय, मी सुटलेच. पावसाळा सरता सरता बाजारात आलेले बांबूचे शेवटचे कोवळे कोंब आणून वास्त्याची भाजी केली. लाखोळीच्या डाळीचे वडे केले. थंडी पडल्यावर वालाच्या शेंगा आणि वांगी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, सुकटीची चटणी. तांदूळ तर आमच्याच बांधीतला, त्याची भाकर मी अशी थापायची की पापुद्रा आपोआप सुटावा. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी मटण.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणाला पटायचं नाही. सासऱ्यांसमोर मी कधी बसले नाही. आमच्याकडे सून सासऱ्यांपुढे बसत नाही. ताट ठेवायचं, पाण्याचा तांब्या ठेवायचा, पदर डोक्यावरून सारखा करायचा आणि आत यायचं. ते आधी भात खातात की भाकर, डाव्या दाढेने चावतात की उजव्या, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मला माहीत असायचं ते परत आलेलं ताट. ताटावरून मी त्यांना ओळखत होते. आणि ताट स्वच्छ यायचं, बोटाने निपटून घेतलेलं. आतून मी विचारायची, "भाजी बरी झाली काय मामाजी?"

"मस्त झालती वो माय," असं उत्तर बाहेरून यायचं. मी खूश.

याच दिवसांत कुत्र्याची भूक बिघडली. म्हणजे बिघडली असंही म्हणता येत नव्हतं, तीच तर चीड होती. एक दिवस ताटली लख्ख, दुसऱ्या दिवशी हुंगून मागे सरकायचा. मी वरण घालून बघितलं, दूध घालून बघितलं, बोंबील भाजून चुरून घातला. साहेब पायावर हनुवटी ठेवून पडलेले. खिचडी केली की ताटली साफ. भाकर केली की अर्धी तशीच. आणि मटण केलं त्या दिवशी तर याचा कडकडीत उपास! मी हाडं वेगळी काढून, रश्शात भात कालवून ठेवला, तरी तोंड लावलं नाही. जगात असा कोणता कुत्रा आहे जो मटणाच्या दिवशी रुसून बसतो? शेजारणीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली.

नवऱ्याला सांगितलं. तो हातपाय धूत होता. म्हणाला, "कुत्रा हाये तो, जावई नाई. भूक लागली का खाईन."

पण मला ते अंगाला लागलं. घरात दोन जीव मी खाऊ घालत होते. एक सगळं खात होता आणि वाळत होता. दुसरा काही खात नव्हता आणि त्याचं अंग तुकतुकीत होत चाललं होतं. आज हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो. तेव्हा ते माझ्या डोळ्यांपुढे रोज चालत होतं आणि मला फक्त कुत्र्याचा राग येत होता.

गावात जनावरांचे डॉक्टर बैलाला इंजेक्शन द्यायला आले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून आणल्यासारखं घरी आणलं. त्यांनी कुत्र्याला उताणा केला, पोट दाबून बघितलं, तोंड उघडून बघितलं.

"याले काई झालं नाई बाई. पोट टम्म हाये याचं. बाहेर कुठी खाऊन येते काय?"

"फाटकाबाहेर सोडतच नाई जी आमी त्याले. बिबट्याचा धाक हाये."

"मंग घरातच कोनी चारून राह्यलं," ते म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारून गेले.

मी फाटकाशी उभी राहिले. सपरीत सासरे खाटेवर बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. कुत्रा त्यांच्या पायाशी होता.

त्या संध्याकाळी मी भाकर आणि वालाच्या शेंगांची भाजी वाढली, तांब्या ठेवला, पदर सारखा केला आणि आत आले. पण आत येऊन चुलीकडे गेले नाही. दाराच्या फटीशी उभी राहिले. सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. चावला, खूप वेळ चावला. मग मान पुढे काढून गिळायला गेले आणि त्यांच्या मानेच्या सगळ्या शिरा वर आल्या. तुकडा उतरला नाही. त्यांनी तो हळूच हातात घेतला आणि खाली धरला. कुत्र्याने आवाज न करता खाल्ला. आवाज न करता! मचमच करत खाणाऱ्या त्या मेल्याला त्यांनी तेवढंही शिकवलं होतं. मग पुढचा तुकडा त्यांनी तोंडाला न लावताच त्याला दिला. मग पुढचा. भाजीतला रस्सा तेवढा दोन घोट पिऊन बघितला. शेवटी ताट बोटाने निपटलं, चांगलं गोल फिरवून, जेवलेल्या माणसासारखं. शेवटचा घास कुत्र्याला द्यायची आमची रीत. त्यांनी फक्त तो घास वाढवत नेला होता.

मी तशीच बाहेर गेले. पदर खांद्यावर होता, तो वर घ्यायचं सुचलं नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. गाल पार आत गेले होते.

"कवापासून मामाजी?"

ते ताटाकडे बघत राहिले. "झाले बरेच दिस. घशाखाली उतरतच नाई वो माय. इथी अडकते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी मले नागपूरले नेलं असतं. तुया सासूच्या नाकात नळी टाकली तिथी. मरतानी तिले चव बी नाई भेटली कशाची. मले नळी नोको." मग ते म्हणाले, "अन तू येवढा जीव लावून रांधतं. भरलं ताट परत कसं धाडू तुयापाशी?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. "मंग माया हातचं मटन याले चारलं तुमी?"

"रस्सा पेलो ना मी," ते घाईने म्हणाले. "रस्सा पेलो थोडासा."

शाळेत पकडलेल्या पोरासारखं ते म्हणाले. तेव्हा मात्र मला रडू आलं.

नागपूरला न्यावं लागलंच. अन्ननलिकेत गाठ होती, बरीच वाढलेली. या शरीराला ऑपरेशन झेपणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नळीचा विषय निघाला. सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर नवरा माझ्यावर ओरडला, "बापाले उपाशी मारतं काय माया?" मी म्हणाले, "तोंडानं जाईन तवरक मी चारीन त्यायले. नळी नाई लावायची." तो अंगणात जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. मी बाहेर गेले नाही. कोणाचं बरोबर होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. लोक विचारतात तेव्हा मी ठामपणे बोलते, पण आतून मला माहीत आहे.

त्यानंतर माझा स्वयंपाक बदलला. आमच्याच बांधीतल्या तांदळाची कणी धुवायची, भरपूर पाण्यात मऊ शिजवायची, सुती फडक्यातून गाळायची, वर मीठ. पेज. मुगाचं पाणी. भोपळ्याचं पाणी. हाडांचा रस्सा गाळून, तेल वरून काढून. मिक्सर दिवसभर घरघरत असायचा. मी समोर बसून चमच्याने भरवायची. आता डोक्यावर पदर नव्हता की मध्ये दार नव्हतं. इतक्या वर्षांचा तो आडपडदा गेला, पण तो जाण्यासाठी असला दिवस यावा लागला, याचं मला फार वाईट वाटायचं. त्यांना डाव्या बाजूने चावायची सवय होती, हे मला तेव्हा कळलं. चावण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा.

कधी कधी ते म्हणायचे, "जवसाची चटनी दे ना वो जराशी." मी बोटाच्या टोकावर द्यायची. ते जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, तोंडभर चव फिरवायचे आणि वाटीत थुंकायचे. मग चूळ भरायचे. असंच वड्याचं, असंच भरताचं. मी रोज एक तरी पदार्थ बोटावर मावेल एवढा करायची, अगदी तिखटमीठ मोजून, जणू पंगत बसणार आहे. "यात लसून जास्त झाला," ते एकदा म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी तो लसूण शेजारणीला सांगून आले.

रीत त्यांनी सोडली नाही. पेजेचा शेवटचा चमचा तळहातावर ओतायला लावायचे आणि हात खाली करायचे. कुत्रा चाटायचा. एवढाच त्याचा वाटा राहिला. त्यामुळे त्या दिवसांत कुत्र्याने आपली ताटली कधी उरवली नाही. भात, भाकर, वरण, काही घाला, चट्टामट्टा. आमच्या घरातले सगळ्यात वाईट दिवस आणि याची भूक सगळ्यात चांगली. ताटली चाटतानाचा त्याचा आवाज मला नको व्हायचा. पण त्या रिकाम्या ताटलीवरूनच मला कळायचं की आज सासऱ्यांच्या पोटात काहीतरी गेलं आहे.

एका संध्याकाळी ताटली भरलेली राहिली.

मी ती अंगणात बघितली आणि सपरीत जायच्या आधीच मला समजलं. दुपारची पेज मी वाटीत ओतून त्यांच्याजवळ ठेवली होती. ते म्हणाले होते, "ठेव, पेतो हळूहळू," आणि मी धान वाळत घातलं होतं ते उलटायला गेले होते. वाटी खाटेखाली होती. रिकामी, चाटलेली. सासरे छताकडे बघत होते.

"झालं आता माय," ते म्हणाले. "आता नोको भरवू."

मी वाटी उचलली आणि चमचा उचलला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर त्यांनी फक्त ओल्या फडक्याने ओठ भिजवू दिले. पानगळ सुरू होती तेव्हा ते गेले, सकाळी, नवरा उशाशी बसलेला असताना.

तेरवीला त्यांच्या आवडीचं सगळं केलं. वडे, भरीत, शेंगांची भाजी. आलेले लोक म्हणाले, हाताला चव आहे तुझ्या. मी हसले. कुत्र्याला पान वाढलं तर तो उठून खाटेखाली गेला. मी म्हटलं, रड बाबा, तुझाही तो होता.

पाहुणे गेले, खाट उभी करून भिंतीला लावली, घर पुन्हा चालू झालं. आता स्वयंपाक दोनच माणसांचा. नवरा उशिरा येऊन जेवायचा; मी दुपारी एकटी आणि रात्री त्याच्यामागून, स्वयंपाकघरात, चुलीकडे तोंड करून. इतक्या वर्षांत माझं ताट कोणी बघितलेलं नाही. बाईचं ताट बघायची रीत आमच्याकडे नाही, ताट बाईने बघायचं असतं. मी जेवायला बसले की कुत्रा उंबऱ्याशी येऊन बसायला लागला. त्याने ताटलीतलं खाल्लेलं नसायचं, म्हणून मी माझ्यातला तुकडा टाकायची. तो खायचा. चला, माझ्या हातून तरी खातो, असं वाटून आणखी एक टाकायची. दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा तशीच. मी त्याच्यासाठी काय काय केलं. गूळ घालून भात केला, अंडं फेटून घातलं. नखरे काही संपेनात. माझे ब्लाउज तेवढे सैल व्हायला लागले होते. मी म्हटलं, शिंप्याकडे टाकू केव्हातरी.

एके दिवशी मिल बंद होती म्हणून नवरा दिवसाउजेडीच घरी होता. अंगणात फिरताना त्याला ती ताटली दिसली. माशा बसलेल्या, भात सुकून कडक झालेला. तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग चपला काढून स्वयंपाकघरात आला. या माणसाने जन्मात स्वयंपाकघरात पाय ठेवला नसेल, पाणीसुद्धा बाहेरून मागणारा. माझ्यासमोर ताट होतं. कुत्रा उंबऱ्याशी होता.

"जेवली तू?"

"जेवून राह्यली ना," मी म्हटलं.

"काल जेवली?"

"जेवली."

"मंग याले भूक काऊन नाई?"

मी ताटाकडे बघितलं. अर्ध्याहून जास्त भाकर संपली होती. मी एक घास खाल्ल्याचंसुद्धा मला आठवेना.

तो खाली बसला, माझ्यासमोर, मांडी घालून. हात पुढे करून टोपलीतली दुसरी भाकर त्याने माझ्या ताटात ठेवली. वाढायची सवय नाही, वरण सांडलं त्याच्याकडून. त्याचे डोळे लाल होते.

"बापाचं ताट आपुन कोनी बघितलं नाई," तो म्हणाला. "तुयं बघतो आता. खा."

मला लाज वाटत होती. नवरा बघतो आहे आणि आपण खातो आहोत, असं कधी झालं नव्हतं. पहिला घास मला फार मोठा वाटला, घशात फिरत राहिला, आणि सासऱ्यांची ती मान डोळ्यांपुढे आली. मी चावत राहिले. कुत्रा उंबऱ्यावरून माझ्या हाताकडे बघत होता. नवरा उठत नव्हता. चूल विझली तरी तो बसून होता. मी भाकर संपवली. वरण संपवलं. शेवटी ताटात बोराएवढा घास ठेवला, उठले आणि अंगणात जाऊन तो खाली धरला.

कुत्र्याने तो एका चाटण्यात संपवला. माझा तळहात हुंगला, दुसरा हात हुंगला. त्यात काही नव्हतं. उजेड अजून होता. तो वळला, आपल्या ताटलीपाशी गेला आणि तो सुकलेला भात मचमच आवाज करत खाऊ लागला.